एकेचाळीस दारांच्या काचा

शाळेतल्या एकूण एक दाराला काच बसवायची असं मोठ्या बाईंनी ठरवलं, तेव्हा मिस्त्रीला मनातल्या मनात हसू आलं. पंचेचाळीस वर्षं तो दारं करत आला होता. आजवरच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दार हवं असायचं ते आतलं बाहेर दिसू नये म्हणून. ही पहिलीच बाई, जिला दारही हवं होतं आणि आतलं दिसायलाही हवं होतं.

मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. अंगापिंडाने एवढ्याशा, पण व्हरांड्यातून नुसत्या चालत गेल्या तरी दोन मजले गप्प होत. त्यांनी मिस्त्रीला एका वर्गाच्या दारापाशी नेलं, पहिलीतल्या एका पोरीला बाहेर बोलावलं आणि दोघांना शेजारी शेजारी उभं केलं.

"तुम्हाला बाहेरून आत दिसलं पाहिजे आणि हिला आतून बाहेर. काच किती लांब लागेल ते सांगा."

मिस्त्रीने टेप काढला. पोरीचे डोळे जमिनीपासून सव्वातीन फुटांवर, त्याचे स्वतःचे पाच फूट दोन इंचांवर. टेप गालाला लागला तशी पोरगी खिदळली. मिस्त्रीने कानामागची पेन्सिल काढून वहीत टिपलं : वीतभर रुंद, अडीच फूट लांब.

"दारं किती आहेत, बाई?"

"एकेचाळीस. भांडारखोली धरून."

"भांडारखोलीत कोण बसतंय?"

"कुणी बसू नये म्हणूनच," मोठ्या बाई म्हणाल्या. मग त्याच्याकडे वळून त्यांनी सरळच सांगितलं, "हे बघा मिस्त्री, माझा कुणावर संशय नाही. पण कुठलंही मूल कुठल्याही मोठ्या माणसाबरोबर अशा खोलीत नको, जिथलं बाहेरून काहीच दिसत नाही. दिसत असलं की मूलही निर्धास्त आणि शिक्षकही."

मिस्त्रीने मान हलवली. त्याला ते पटलं होतं असं नाही, पण एकेचाळीस दारं म्हणजे महिना-दीड महिन्याचं काम होतं.

काम सुरू होण्याआधी आणखी एक लचांड निघालं. शाळेच्या आवारात काम करणाऱ्या प्रत्येकाने तासभराचं प्रशिक्षण घ्यायचं, असा नवा नियम होता. मिस्त्री, दोन रंगारी, एक प्लंबर आणि माळी असे पाच बाप्ये दुसरीच्या वर्गातल्या बाकांवर गुडघे हनुवटीला टेकवून बसले. शिकवायला आली समुपदेशक ताई. मुलांना मनातलं काही बोलायचं असलं की ती या ताईकडे जात. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस, मिस्त्रीच्या धाकट्या लेकीएवढं.

"आम्ही पाइप बघायला आलोय," प्लंबर कुरकुरला. "पोराटोरांशी आमचा काय संबंध?"

"तोच तर मुद्दा आहे, दादा," ताई हसली. "शिक्षकांचा मुलांना धाक असतो. आई-बाबांना काय वाटेल याची धास्ती असते. तुम्हाला मात्र ती येता-जाता काहीही सांगून टाकतात. तुम्ही मार्क देत नाही ना!"

मग तिने फळ्यावर चार वाक्यं लिहिली. मूल बोललं तर ऐकून घ्या. गुपित ठेवीन असं कबूल करू नका. खोदून खोदून विचारू नका. त्याच दिवशी शाळेत सांगा. मिस्त्रीला दुपारच्या जेवणानंतर जांभया आवरत नव्हत्या, तरी त्याने ती वाक्यं वहीत उतरवून घेतली, कारण शेवटी दहा प्रश्नांची परीक्षा आहे असं कळलं होतं. त्याला दहापैकी आठ मिळाले. प्लंबरला नऊ. पुढचा आठवडाभर प्लंबर ते एक गुणाचं अंतर येता-जाता त्याच्या कानावर घालत होता.

मिस्त्रीने मागच्या पडवीत ठाण मांडलं. सकाळी एक-दोन दारं बिजागऱ्यांवरून उतरवायची, पडवीत आणून आडवी टाकायची, मधली फळी कापायची, काच बसवून चारी बाजूंनी पट्ट्या ठोकायच्या आणि शाळा सुटायच्या आत दारं परत जागच्या जागी. कामापेक्षा तक्रारी ऐकतानाच त्याच्या नाकी नऊ आले. चित्रकलेच्या बाईंना काच हवी होती, पण रंगीत. ग्रंथपालांना वाटत होतं की काचेतून ऊन येऊन पुस्तकं पिवळी पडतील. त्यांच्या खोलीकडे ऊन फिरकतसुद्धा नव्हतं. आणि पोरांना तर नवा खेळच मिळाला. मधल्या सुट्टीत प्रत्येक काचेला बाहेरून सात-आठ चपटी नाकं चिकटलेली असत.

सगळ्यांत कडाडून विरोध केला तो गणिताच्या सरांनी. फळ्यावरचा मोठा लाकडी कंपास ते शाळाभर काखेत मारून हिंडत, म्हणून पोरं त्यांना कंपास सर म्हणायची. त्यांनी मोठ्या बाईंना तीन पानांचं निवेदन दिलं, क्रमांक घातलेल्या मुद्द्यांचं. मुलांचं लक्ष बाहेर जाईल आणि अपूर्णांक तसेच राहतील, हा मुद्दा क्रमांक एक.

"एवढं काय दडवायचंय या माणसाला?" मिस्त्री घरी बायकोला म्हणाला. "मला याचं लक्षण काही ठीक दिसत नाही."

काच बसली आणि दुसऱ्याच दिवशी उलगडा झाला. रिकाम्या तासाला वह्या तपासताना कंपास सर गळा काढून गात असत. गाणंही साधंसुधं नाही, हातवारे करून, डोळे मिटून. काचेपाशी पन्नासेक पोरं जमली आणि सरांनी डोळे उघडले तेव्हा बाहेर टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. सर लालबुंद झाले. पण त्या दिवसापासून पोरं त्यांच्याकडे अपूर्णांक विचारायला आपणहून जाऊ लागली, हेही खरं.

उलट ज्याने अजिबात कुरकुर केली नाही, तो वक्तृत्वाचा शिक्षक. हा बाहेरून यायचा, आठवड्यातून तीन दिवस, स्पर्धेला जाणाऱ्या मुलांची भाषणं बसवायला. पोरं त्याला माईक सर म्हणत. वरच्या मजल्यावर टोकाला ध्वनिमुद्रणाची खोली होती, भिंतींना गाद्या लावलेली, तिथे तो एकेका मुलाचा सराव घ्यायचा. मिस्त्री त्या खोलीचं दार परत बसवत होता तेव्हा त्याने स्वतः जाऊन चहा आणून दिला.

"वा मिस्त्री! हात आहे की जादू!" तो म्हणाला. "मोठ्या बाईंची कल्पना मला तर एकदम पसंत आहे."

माणूस असावा तर असा, असं मिस्त्रीला वाटलं.

मिस्त्रीची पडवीतली रोजची पाहुणी होती पाचवीतली एक पोर. दोन आखूड शेंड्या, गुडघ्याला कायम कसली ना कसली मलमपट्टी, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. डबा हातात घेऊन ती त्याच्या लाकडाच्या ढिगावर येऊन बसायची आणि उलटतपासणी सुरू व्हायची.

"काका, चेंडूने काच फुटली तर चूक कुणाची? चेंडूची, मारणाऱ्याची, की काच लावणाऱ्याची?"

"चेंडूची," मिस्त्री रंधा मारत म्हणाला.

"चेंडूला कुठे हात असतात? तो आपणहून आला का?"

"मग मारणाऱ्याची."

"पण त्याला काच दिसलीच नाही. तुम्ही इतकी स्वच्छ कशाला पुसली?"

मिस्त्रीने रंधा खाली ठेवून तिला हात जोडले. त्याने तिचं नाव वकीलबाई ठेवलं आणि तो तिच्याशी अदबीने 'तुम्ही' करून बोलू लागला. तिला त्याची फार मजा वाटायची. तिची आई इस्पितळात परिचारिका होती, घरी दोघीच. शाळेने तिला आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेसाठी निवडलं होतं. तसं तिने सांगितलं तेव्हा मिस्त्री म्हणाला, "परीक्षकांचं काही खरं नाही मग."

ध्वनिमुद्रणाच्या खोलीला काच बसली तो सोमवार. बुधवारी वरच्या मजल्यावरचं दुसरं एक दार आणायला मिस्त्री गेला, तर त्या काचेवर आतून स्पर्धेचं भलंमोठं पोस्टर. डिंकाने चिकटवलेलं. काच खराब होते म्हणून मिस्त्रीला राग आला. त्याने ब्लेडने खरडून ते काढलं आणि ओल्या फडक्याने काच पुसली. शुक्रवारी पाहतो तर पुन्हा पोस्टर, या वेळी खालपासून वरपर्यंत.

माईक सर जिन्यात भेटला. "अहो, मुलं बुजतात ना कुणी बघत असलं की," तो हसत म्हणाला. "मोठ्या बाईंशी बोललोय मी. राहू द्या ते."

मिस्त्रीने राहू दिलं. पण त्याच्या मनाला ते काही स्वस्थ बसू देईना. त्यातून वकीलबाई दोन दिवस पडवीत आली नव्हती. शुक्रवारी आली ती डबा न उघडता नुसती बसून राहिली. मिस्त्रीने मुद्दामच चुकीचं बोलून पाहिलं, बाभळीचं लाकूड मऊ असतं म्हणून. तिने भांडण काढलं नाही. मान हलवली आणि भुशात बोटाने रेघा ओढत बसली.

त्या रेघा पाहून मिस्त्रीला स्वतःची सातवी आठवली. चित्रकलेचे एक मास्तर होते, मोजपट्टीच्या कडेने बोटांवर मारायचे, उगीचच, मजा म्हणून. मिस्त्रीने ते कुणालाच सांगितलं नव्हतं. डोकं दुखतं असं घरी सांगत राहिला आणि शेवटी शाळाच सुटली. कामाला लागला, हात बसला, संसार झाला. वाईट काही झालं नाही. पण त्या वर्षी तोही असाच गप्प झाला होता, आणि ते कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

घरी बायको शिवणयंत्रावर बसली होती. कपड्यांच्या दुरुस्तीचं तिचं छोटंसं दुकान होतं, उरलेलं काम ती घरी आणायची. मिस्त्रीने तिला पोस्टरचं सांगितलं.

"एका कागदाची काय तक्रार करायची?" तो म्हणाला. "हसतील मला. चांगला माणूस आहे, त्याच्या पोटावर उगाच पाय कशाला?"

बायकोने यंत्र थांबवलं. "अहो, तुम्हाला खटकलं ना? मग सांगून टाका. हसले तर हसू देत. नाहीतरी तुमच्या त्या आठ मार्कांना मी रोज हसतेच."

सोमवारी तो लवकर शाळेत गेला, पण मोठ्या बाई बैठकीला बाहेर गेलेल्या, दुपारी येणार होत्या. तोवर एक दार हातावेगळं करू, असं म्हणून तो पट्टी ठोकायला बसला. मधली सुट्टी झाली आणि वकीलबाई आली. लाकडाच्या ढिगावर न बसता ती त्याच्या अगदी जवळ, हत्यारांच्या पेटीपाशी बसली.

"काका, एक विचारू?"

"विचारा की."

"मोठ्या माणसाने सांगितलं, हे आपल्या दोघांचं गुपित आहे, आणि आपण ते दुसऱ्याला सांगितलं, तर चूक कुणाची?"

 मिस्त्रीने हातोडी हळूच खाली ठेवली.

"सांगणाऱ्याची तर मुळीच नाही," तो म्हणाला.

"मग मी तुम्हाला सांगते. पण तुम्ही कुणाला सांगायचं नाही. कबूल?"

'कबूल' त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. लेकींना, नातवंडांना, आजवर कितीदा तरी त्याने 'कबूल' म्हटलं असेल. फळ्यावरचं दुसरं वाक्य डोळ्यांपुढे आलं आणि त्याने ते गिळलं.

"ते नाही कबूल करता येणार, बाळा," तो म्हणाला. आज त्याच्या तोंडून 'तुम्ही' निघेना. "तुला मदत होईल अशा माणसाला मी सांगणार. पण तेवढंच. गावभर नाही. आणि तुला न कळता तर नाहीच."

ती विचारात पडली. आता उठून जाते की काय, असं त्याला वाटलं. ती गेली नाही.

"माईक सर मला मांडीवर बसायला सांगतात," ती भुशाकडे बघत म्हणाली. "सरावाला. मला नाही आवडत. मी नको म्हटलं तर म्हणाले, मग स्पर्धेला दुसरी कुणीतरी जाईल. कागद लावल्यावर कुणाला दिसत नाही, म्हणाले. आज पण सराव आहे. मला जायचं नाहीये."

मिस्त्रीच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. शेजारी पडलेल्या लाकडी ठोकळ्याकडे त्याची नजर गेली, आणि माईक सराच्या डोक्याचं माप त्याने मनात घेऊनही टाकलं. पण पोरगी त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. त्याने एक मोठा श्वास घेतला.

"तू मला सांगितलंस ते फार बरं केलंस," तो म्हणाला. "यात तुझी एवढीशीसुद्धा चूक नाही. आणि आज तुला सरावाला जायचं नाही, संपलं. आपण आत्ताच्या आत्ता ताईकडे जायचं?"

"तुम्ही पण येणार?"

"दारापर्यंत काय, आतपर्यंत येतो."

तिने त्याचं बोट धरलं. व्हरांड्यातून जाताना तिने एकदाच विचारलं, "ताई ओरडेल?" आणि मिस्त्री म्हणाला, "ताई? ती तर प्लंबरलासुद्धा ओरडली नाही."

समुपदेशक ताईने दोघांना बसवलं, पोरीला पाणी दिलं आणि तिच्याशी असं बोलली की जणू जगात दुसरं कामच नाही. थोड्या वेळाने तिने मिस्त्रीला बाहेर थांबायला सांगितलं. तोवर मोठ्या बाई आल्या होत्या. त्यांनी मिस्त्रीकडून सगळं उभ्या उभ्या ऐकलं आणि विचारलं, "ते पोस्टर त्यांनी मला विचारून लावलंय असं म्हणाले ते?"

"तसंच म्हणाले."

"मला एका शब्दाने विचारलेलं नाही."

मिस्त्रीने आपली मापांची वही काढली. दारांच्या मापांखाली त्याने सवयीप्रमाणे दिवस टिपले होते : सोमवारी काच, बुधवारी कागद, खरडून काढला, शुक्रवारी पुन्हा कागद. मोठ्या बाईंनी ते पान दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "याची नक्कल लागेल मला. पोलिसांत आजच कळवायचंय."

"मी एकदा त्या माणसाशी बोलू का?" मिस्त्रीने विचारलं. कोणत्या भाषेत, ते त्याने सांगितलं नाही.

"अजिबात नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुमचं काम तुम्ही चोख केलंत. आता आमचं आम्हाला करू द्या."

मिस्त्री पडवीत परतला आणि खिळ्यावर म्हणून मारलेली हातोडी सरळ अंगठ्यावर बसली.

त्या दुपारी माईक सर आला तो फाटकातच अडवला गेला. पुढे तो त्या शाळेत कधी पाऊल ठेवू शकला नाही, आणि दुसऱ्याही कुठल्या शाळेत नाही, कारण प्रकरण पोलिसांकडे गेलं, चौकशी लागली आणि आणखी दोन मुलांनी ताईकडे येऊन तोंड उघडलं. वकीलबाईची आई इस्पितळातून आहे त्या गणवेशात धावत आली. आधी तिने लेकीला कितीतरी वेळ कुशीत धरून ठेवलं. मग ती पडवीत आली, मिस्त्रीचा सुजलेला अंगठा बघितला, आपल्या पिशवीतून बँडेजची पट्टी काढली आणि बांधून दिली. बांधून झाल्यावर तिचे डोळे भरून आले.

"दादा, तिने मला का नाही हो सांगितलं?"

"तुम्हाला त्रास होईल म्हणून," मिस्त्री म्हणाला. "माझ्या त्रासाची तिला काय पर्वा! रोज तर देते."

ती रडता रडता हसली.

पोर लगेच पहिल्यासारखी झाली असं नाही. पंधरा दिवस ती ताईकडे रोज तासभर जायची. भाषण नकोच, असं तिने जाहीर केलं आणि कुणी आग्रह केला नाही. तिसऱ्या आठवड्यात मिस्त्री सव्विसावं दार कापत असताना ती आली, पाच मिनिटं बघत उभी राहिली आणि म्हणाली, "करवत वाकडी चाललीय."

वाकडी नव्हती. पण मिस्त्रीला इतका आनंद झाला की त्याने टेप काढून तिला मोजायलाच बसवलं, आणि दोघं अर्ध्या सुताच्या फरकावरून घंटा होईपर्यंत भांडले.

दुसऱ्या दिवशी तिने मोठ्या बाईंना सांगितलं की स्पर्धेला ती जाणार, पण विषय तिचा तीच निवडणार. सराव कुणी घ्यायचा हा प्रश्न आला तेव्हा कंपास सर उभे राहिले. मला वक्तृत्वातलं ओ की ठो कळत नाही, ते म्हणाले, पण मिनिटं मोजता येतात. सराव व्हायचा तो वर्गात, दार सताड उघडं, पहिल्या बाकावर ताई आणि सर मागे घड्याळ घेऊन. कोणी सांगितलं नसताना दोन्ही रंगारी आणि प्लंबर श्रोते म्हणून येऊन बसत. प्लंबर सूचनाही करायचा, नऊ मार्कांच्या अधिकाराने.

स्पर्धेच्या दिवशी सभागृहात त्यांची एक अख्खी रांग होती : आई रजा टाकून आलेली, शेजारी ताई, कंपास सर, धुतलेला सदरा घातलेला मिस्त्री आणि त्याची बायको.

"यातली कोणती ती?" बायकोने विचारलं.

"बोलायला लागली की कळेल तुला."

विषय होता 'प्रश्न विचारावेत का?'. वकीलबाई माईकपाशी आली. तिने तो आधी खाली ओढून आपल्या उंचीचा करून घेतला आणि सुरुवात केली. पहिलं मिनिट आवाज कापत होता. आईने मिस्त्रीच्या बायकोचा हात गच्च धरला. मग सभागृहात कुणीतरी हसलं, पोरीला ते आवडलं, आणि तिथून जी गाडी सुटली ती सुटलीच. पाच मिनिटांची घंटा झाली. ती थांबली, परीक्षकांकडे वळली आणि अगदी नम्रपणे म्हणाली, "माझे दोन मुद्दे राहिलेत." आणि ते दोन्ही मुद्दे तिने पुरे केले. कंपास सर कपाळाला हात लावून बसले होते, पण टाळ्या वाजवायला सगळ्यांत आधी तेच उभे राहिले.

निकालात तिचा नंबर नव्हता. वेळेचे गुण कापले होते. रांगेतल्या सगळ्यांचे चेहरे पडले. तिचा मात्र नाही. ती खाली उतरली ती आईकडे आलीच नाही, तडक परीक्षकांच्या टेबलापाशी गेली आणि नेमके किती गुण कुठे गेले ते विचारू लागली. परीक्षक म्हातारे होते. त्यांनी चष्मा वर केला, तिला नीट पाहून घेतलं आणि शेजारची खुर्ची तिच्यासाठी ओढली. दोघांच्या माना कागदावर झुकल्या.

"आता?" आईने घड्याळात बघत विचारलं.

"बसा हो निवांत," म्हणत मिस्त्रीच्या बायकोने पिशवीतून तुरपाईला घेतलेली विजार काढली आणि सुईत दोरा ओवायला घेतला.